दुधात विष नको

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी हातमोजे धुतले. नेहमीसारखेच. बाईंनी सिंकमध्ये साबणाचं पाणी केलं, मोजे हलक्या हाताने चोळले आणि न पिळता माझ्याकडे दिले. पिळले की बोटं वाकडी होतात म्हणायच्या. मी एकेक बोट ओढून सरळ केलं आणि खिडकीतल्या दांडीवर चिमटे लावून टांगले. दोन जोड्या. पांढऱ्या, सुती, मनगटाशी एक मोत्याचं बटण. एक जोडी बाईंची, एक माझ्या बायकोची.

माझी बायको जाऊन दीड वर्ष होईल. तिच्या मोज्यांत हात घालायला आता कोणी नाही. मी एकदा तसं बोललोही होतो.

"बाई, जे वापरत नाही ते धुवायचं कशाला?"

"धूळ बसते," बाई म्हणाल्या. विषय संपला.

त्या गुरुवारी मोजे टांगून झाल्यावर त्यांनी परत तेच विचारलं.

"मिळाली का कोणी?"

"नाही अजून."

"शोधतोयस ना?"

"शोधतोय की. बाई काय झाडाला लागते होय?"

"मी काही कायमची नाहीये, ड्रायव्हर."

"हे तुम्ही मी इथं राहायला आल्यापासून सांगताय."

हसल्या. दाताची कवळी काढून ठेवली होती, त्यामुळे लहान पोरीसारख्या हसल्या. मी मागच्या दाराने माझ्या घरी गेलो. ते आमचं शेवटचं बोलणं.

बाई म्हणजे माझी अमेरिकन घरमालकीण. सांता क्लारात त्यांचं जुनं, बसकं घर, आणि मागच्या अंगणात दोन खोल्यांचं आणखी एक. त्यात आम्ही भाड्याने आलो आणि तिथंच म्हातारे झालो. माझी बायको नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या पदराला धरून मी अमेरिकेत आलो. मी सातवी पास, तीही ढकलत ढकलत. आजूबाजूला आपली सगळी माणसं डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. मी शाळेची पिवळी बस चालवली, रिटायर होईपर्यंत. म्हणून बाई मला ड्रायव्हर म्हणायच्या. मी त्यांना बाई म्हणायचो. बायको त्यांना मावशी म्हणायची, आणि तसं म्हणून त्यांच्याकडून जर्दाळू उकळायची.

जर्दाळूच्या झाडाचं आधी सांगतो. आमच्या खिडकीसमोर अंगणाला एक खळगा आहे आणि त्यात ते झाड आहे. पूर्वी, म्हणजे आमच्या कितीतरी आधी, इथल्या माणसांना वाटायचं की रशिया आज नाही तर उद्या बॉम्ब टाकणार. म्हणून लोक अंगणात खंदक खणून घ्यायचे, आत डबाबंद खाणं भरून ठेवायचे. बाईंच्या नवऱ्यानेही सुट्टीच्या दिवसांत घाम गाळून खड्डा खणला. एक दिवस तो कामावरून घरी आला तर खड्ड्यात माती आणि मातीत झाड.

"मग नवरा काय म्हणाला?" मी विचारलं होतं.

"म्हणाला, आपण लपायचं कुठे? मी म्हटलं, लपायची वेळ येऊ देऊ नये म्हणून तर मी दर शनिवारी बाहेर जातेय."

नवरा कामाला होता क्षेपणास्त्रं बनवायच्या कारखान्यात. आणि ही त्याच कारखान्याच्या गेटासमोर, रस्त्याच्या कोपऱ्यावर, बॉम्ब नको म्हणून बोर्ड धरून उभी. घरात भांडण व्हायचं का, तर नाही. शनिवारी नवऱ्याची पाळी असली की तो हिला आणि हिच्या मैत्रिणींना गाडीतून आणायचा, त्यांच्या खुर्च्या उतरवून लावून द्यायचा, आणि मग डबा घेऊन गेटातून आत कामाला जायचा. जाताना टोपी काढून सगळ्यांना नमस्कार करायचा. मला तर हा माणूस बघायला मिळाला नाही याचंच वाईट वाटतं.

तिथूनच नियम पडला. बोर्ड धरायचा तो बायकांनी. पुरुषाने खुर्च्या लावायच्या, कॉफी आणायची आणि गाडीत बसायचं.

त्या सगळ्या घरच्याच बायका होत्या. पोरंबाळंवाल्या, सकाळी धुणं वाळत घालून आलेल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपी, हातात पांढरे मोजे, जशा काही चर्चला निघाल्यात. मी विचारलं, हा नटवेपणा कशाला? तर बाई म्हणाल्या, "टोपी सरळ असली की पोलिसाला प्रश्न पडतो." म्हणजे असं, की तेव्हा बॉम्ब नको म्हणणाऱ्याला लोक सरळ रशियाचा हस्तक ठरवायचे. पण आपल्या आईसारखी दिसणारी बाई हातमोजे घालून उभी असली तर तिला हस्तक म्हणायला जीभ कशी रेटणार?

बाई आम्हाला नीट कळल्या त्या आमच्या पोरीच्या दातामुळे.

पोर पहिलीत होती. पहिला दात पडला. आपल्याकडे पडलेला दात छपरावर टाकतात आणि उंदीरमामाला सांगतात, जुना घे आणि नवा दे. बायको म्हणाली, "अहो, इथं उंदीर आहेत का पण?" मी म्हटलं, "अमेरिकेत सगळं आहे." अंगणात उभं राहून पोरीने दात फेकला. आमच्या बैठ्या घराऐवजी तो गेला बाईंच्या छपरावर.

बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. धावत बाहेर आल्या.

"काय टाकलंस?"

"दात," मी म्हटलं.

"दुधाचा दात? छपरावर? तुला अक्कल आहे का? अरे, तो पुरावा आहे!"

मला वाटलं म्हातारी बिघडली. तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. गॅरेजमधून शिडी आणली, मी नको नको म्हणतोय तोवर छपरावर चढल्या आणि पन्हळीत हात घालून शोधायला लागल्या. खाली आमची पोर रडतेय, की उंदीरमामाच्या आधी बाईने दात नेला तर आता मला नवा दात येणार नाही. बायको पोट धरून हसतेय. वरून बाई विचारतायत, "पुढचा होता की दाढ?"

सापडला. रुमालात बांधून खाली आणला आणि मग आमच्या पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या तरुणपणी सरकार अणुबॉम्ब उघड्यावर फोडून बघायचं, नेवाडाच्या वाळवंटात. त्याची धूळ वाऱ्याने देशभर जायची, पावसाबरोबर गवतावर पडायची. गवत गाय खाणार, गाईचं दूध पोरं पिणार, आणि ते विष पोरांच्या हाडात आणि दातात जाऊन बसणार. सरकार म्हणायचं, काही होत नाही. मग या बायकांनी घरोघर जाऊन पोरांचे पडलेले दात मागायला सुरुवात केली. दात तपासणाऱ्या शास्त्रज्ञांकडे पोस्टाने पाठवायचे. देशभरातून दात गेले. आणि निघालं ना विष दातांत.

म्हणजे बॉम्ब फुटायचा वाळवंटात आणि उतरायचा पोरांच्या तोंडात. हे मला सातवी पासला एका दमात कळलं. मोठमोठ्या साहेबांना का कळत नव्हतं, देव जाणे.

"आता कोण तपासतं दात?" बायकोने विचारलं.

"आता कोणी नाही. उघड्यावर फोडणं बंद झालं. पण दात टाकवत नाही गं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आमच्या पोरीकडे बघितलं, आणि रुमाल तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "घे. तुझ्या उंदराला दे. पण त्याला सांग, सांभाळून ठेव म्हणावं."

पोरीने दुसऱ्यांदा फेकला. आमच्याच छपरावर.

तेव्हापासून बायको त्यांची झाली. पुढच्या शनिवारी ड्युटी नव्हती तर ही त्यांच्याबरोबर कोपऱ्यावर. बाईंनी टोपी आणि मोजे दिले. बायकोने मोजे घेतले, टोपी परत केली. म्हणाली, मी साडी नेसणार आणि डोक्यावर काही घेणार नाही. बाईंनी विचार केला आणि साडी चालेल म्हणून निकाल दिला. साडीवर पांढरे हातमोजे! मी म्हटलं, "अगं, लग्नातल्या बँडवाल्यासारखी दिसतेस. पिपाणी तेवढी राहिली."

"तुम्ही खुर्च्या लावा," बायको म्हणाली.

लावल्या. आजवर लावतोय.

पूर्वी म्हणे खुर्च्या कमी पडायच्या. आम्ही आलो तोवर त्यांच्यातल्या बऱ्याच गळाल्या होत्या. काही मेल्या, काही पोरांकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेल्या, एक रिपब्लिकन झाली. त्या एकीचं दुःख बाईंना मेलेल्यांपेक्षा जास्त होतं. मग राहिल्या दोघीच, बाई आणि माझी बायको.

कारखाना तिथून कधीच गेला. आता तिथं काचेची ऑफिसं आहेत आणि आत निम्मी आपली पोरं. मी सांगायचो, "बाई, इथं आता बॉम्ब बनत नाहीत. इथं ॲप बनवतात."

"काय करतं ते ॲप?"

"जेवण घरपोच आणून देतं."

"मग ठीक आहे. पण कोपरा हाच."

बोर्डसुद्धा तोच. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, मुलांच्या दुधात विष नको. अक्षरं पुसट झाली की बाई त्याच अक्षरांवरून ब्रश फिरवायच्या. आता येणाऱ्याजाणाऱ्याला काय कळणार? ऑफिसातली पोरं त्यांना दूध सोडलेल्या वीगन समजायची. अंगठा दाखवून जायची. एकाने तर ओट मिल्कचा खोका आणून दिला. मी म्हटलं, "बाई, बोर्ड तरी बदला."

"का? बॉम्ब संपले का?"

"नाही."

"मग?"

एकदा एक पोलीस गाडी थांबवून उतरला. जवान पोरगा, अदबीचा.

"मॅम, कोणाची वाट बघताय का?"

"हो. बऱ्याच वर्षांपासून."

"उबर बोलावून देऊ?"

बायको इतकी हसली की तिच्या हातातला बोर्ड खाली पडला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या पोराला, त्याचे दुधाचे दात त्याच्या आईने ठेवलेत का, ते विचारलं.

आणि चहा. बाई ताज्या दुधाला शिवायच्या नाहीत. त्या काळात ताज्या दुधातलं विष टाळायला म्हणून पोरांना पावडरीचं दूध द्यायच्या, ती सवय जन्माची लागली. फ्रीज उघडला तर दुधाचा थेंब नाही, कपाटात मात्र डबेच्या डबे. मी कराडकडचा, म्हशीच्या दुधावर वाढलेला. पावडरीचा चहा म्हणजे मला औषध वाटायचं. तरी कोपऱ्यावर थर्मासमधून चहा यायचा तो त्यांच्याच हातचा. तीन कप. दोन खुर्च्यांपाशी, एक गाडीच्या खिडकीतून माझ्या हातात.

"कसा झालाय?" बाई विचारायच्या.

"धुतलेल्या फडक्याच्या पाण्यासारखा."

"अजून घेणार?"

"द्या."

बायको गेली तेव्हा पुष्कळ लोक भेटायला आले. डाळ-भात आणला, माझ्या पाठीवरून हात फिरवला, सुटली हो बिचारी, म्हणाले. पोर विमानाने प्लेनोहून आली, राहिली, बाबा माझ्याकडे चला म्हणाली. मी कुठला जातोय. बाई मात्र एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. मला रागच आला होता. तीस वर्षांवर एका अंगणात राहिलो, मावशी मावशी करत होती ती, आणि हिला दोन शब्द नाहीत?

शनिवारी सकाळी मी अंथरुणात पडून होतो. उठायचं कशासाठी, तेच कळत नव्हतं. तर बाहेर गाडीचा हॉर्न. थांबेना. खिडकीतून बघतो तर बाई, टोपी सरळ, मोजे घालून, माझ्याच गाडीत बसून हॉर्न वाजवतायत.

"शनिवार आहे, ड्रायव्हर."

गेलो. रागारागाने एकच खुर्ची काढली.

"दुसरी?"

"कोणासाठी?"

"तिच्यासाठी."

"ती मेली, बाई." मी ओरडलोच. रस्त्यावरचा एक जण वळून बघायला लागला.

"मला माहितीये. खुर्ची लाव."

लावली. बाईंनी तिच्यावर माझ्या बायकोचा बोर्ड टेकवला, तिचे मोजे हातावर हात ठेवल्यासारखे सीटवर ठेवले. मी म्हटलं, "मी बसतो तिथं. मी धरतो तिचा बोर्ड."

"नाही."

"का नाही? नवरा आहे मी तिचा."

"म्हणूनच नाही. तू बसलास की जागा भरली. मग कोणी बाई शोधणार नाही. तू पण नाही. जा, गाडीत बस."

गाडीत बसलो आणि रडलो. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा. बाईंनी खिडकीतून चहा दिला. न बघितल्यासारखं केलं.

पुढे कोणी त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं की बाई सांगायच्या, "नर्स आहे. ब्रेकवर गेलीये." इतक्या सहज, की दोन-तीनदा मीच मान वळवून बघितलं.

मग मी खरंच बाई शोधायला लागलो. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात आरतीनंतर माइक मागून घेतला आणि सरळ विचारलं, "शनिवारी दोन तास बॉम्बविरुद्ध उभं राहायला एक बाई पाहिजे. खुर्ची मिळेल, चहा मिळेल, चहा वाईट आहे." आधी सगळे हसले. मग एकेक बाई मला बाजूला घेऊन बोलायला लागली.

"काका, पार्किंग आहे का तिथं?"

"काका, शनिवारी मुलांचा मराठीचा क्लास असतो हो."

"काका, आमचं ग्रीन कार्ड अडकलंय. फोटोबिटो कोणी काढला तर?"

"तुम्ही व्हॉट्सॅपवर टाका ना काका, मी फॉरवर्ड करते."

मी माझ्या पोरीला फोन केला. "बाबा, आय लिव्ह इन प्लेनो," ती म्हणाली. तेही खरंच. बाईंच्या लेकीला विचारलं. ती स्वतःच सत्तरीची, ओरेगॉनला असते, गुडघे गेलेले.

मी येऊन सगळं बाईंना सांगितलं आणि वर दोन शिव्या घातल्या, की आपल्या बायका भित्र्या.

"पहिल्या दिवशी मीही गाडीतून उतरत नव्हते," बाई म्हणाल्या. "शेजारी काय म्हणतील, नवऱ्याची नोकरी जाईल का. एका बाईने हाताला धरून उतरवलं. भीती प्रत्येकीला असते. विचारत राहा. कोणी नसलं की एक दिवस हा कोपरा नुसता कोपरा होईल, ड्रायव्हर. मला तेवढं नकोय."

मरायची भीती त्यांना नव्हती. त्यांना भीती होती ती एवढीच.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघराचा पडदा सरकला नाही. रोज माझ्या आधी सरकायचा. मी थोडा वेळ वाट बघितली, मग मागच्या दाराने गेलो. बाई पलंगावर झोपल्यासारख्याच होत्या. गार. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला, ओरेगॉनला केला. माणसं आली आणि त्यांना घेऊन गेली. मी एकटा त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. दांडीवर मोजे वाळले होते.

पोरीचा फोन आला. रडत होती. दाताची गोष्ट तिनेच काढली. म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी तुम्ही प्लीज घरीच थांबा, आराम करा."

"उद्या शनिवार आहे," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी मी बाईंच्या गॅसवर पाणी ठेवलं आणि पावडरीचा चहा केला. त्यांच्यापेक्षा वाईट झाला. थर्मास भरला. गाडी काढली. कोपऱ्यावर दोन खुर्च्या लावल्या. एकीवर बाईंची टोपी ठेवली, सरळ करून. त्यांचे मोजे ठेवले. दुसरीवर बायकोचे मोजे. मग बायकोचा बोर्ड हातात घेतला. आता मला अडवायला कोण होतं? चांगला छातीशी धरला. लाइटला थांबलेल्या गाड्यांतून लोक बघत होते. एका पोराने अंगठा दाखवला.

तेवढ्यात वाटलं, मागून बाई बोलल्या असत्या तर काय बोलल्या असत्या. बोर्ड खुर्चीला टेकवला आणि गाडीत जाऊन बसलो. सवयीने तीन कप काढले होते. दोन परत ठेवले.

थोड्या वेळाने एक बाई आली. चाळिशीची असेल, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, चेहरा घामेजलेला. खुर्च्यांपाशी थांबली, इकडेतिकडे बघितलं, मग मी दिसलो. बोर्डकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

"या खुर्च्या तुमच्या का? कोणी बसलंय इथं?"

मी गाडीतून उतरलो.

"दोघी ब्रेकवर आहेत," मी म्हटलं.

"माझी बस यायला वेळ आहे. पाय गेलेत. त्या येईपर्यंत बसू का?"

"बसा की. पण आधी हे घालावं लागेल."

मी बायकोची जोडी उचलली आणि तिच्यापुढे धरली. एकही बोट वाकडं नव्हतं.